कूलंट टॉप-अप: नाकारलेल्या वॉरंटीचं एक प्रकरण

गाडी पेट्रोलवरची, पाच सीटर, फेब्रुवारी २०२३ मध्ये घेतलेली. रस्त्यावर येईपर्यंत किंमत साडेनऊ लाखांच्या घरात गेली. वॉरंटी ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर, जे आधी होईल ते. मे २०२५ मध्ये, ४१,३०० किलोमीटरवर, मांजरसुंब्याच्या घाटात इंजिन गेलं. वर्कशॉपनं १ लाख ७२ हजारांचं एस्टिमेट हातात ठेवलं आणि वॉरंटीत बसत नाही म्हणून सांगितलं. कारण काय, तर ४० हजार किलोमीटरची सर्व्हिस झालेली नाही.

गाडी माझ्या दाजींची. अंबाजोगाईला त्यांचं कृषी सेवा केंद्र आहे. मी ऑटोमोबाईलचा डिप्लोमा केलेला, नंतर काही वर्षं मोटार विम्याच्या एका सर्व्हेअरच्या हाताखाली काढली. त्यामुळे पाहुण्यारावळ्यांत कुणाची गाडी बंद पडली की एक फोन मला येतोच. कंपनीचं आणि डीलरचं नाव इथं देत नाही. नावानं प्रकरण जास्त समजेल असंही नाही. अशी उत्तरं कुठल्याही शोरूममध्ये ऐकायला मिळतात.

घाटात काय झालं ते आधी. संभाजीनगरचं लग्न उरकून मंडळी परत निघालेली. बीड सोडलं, घाट चढायला लागला. दुपारची वेळ, एसी चालू, गाडीत पाच माणसं. वर मांजरसुंब्याला रबडी खायला थांबायचं ठरलेलं होतं. निम्म्या घाटात गाडी जड झाली, मग तापमानाचा लाल दिवा लागला. दाजींचा फोन आला तेव्हा गाडी वर हॉटेलासमोर उभी होती.

"अरे, गाडी ओढंना झाली होती. आता बोनटमधून वाफ निघायलीय."

"लाल दिवा लागल्यावर किती चालवली?"

"वर हॉटेलापस्तोर आणली. घाटात कुठं थांबवावं? मागं ट्रकची रांग लागली होती."

हे वाक्य मी लगेच वहीत लिहून ठेवलं, कारण पुढं आपल्या विरोधात जाणारी सगळ्यात जड गोष्ट हीच असणार हे कळत होतं. त्यानंतर त्यांनी अर्धा तास गाडी थंड होऊ दिली, पिण्याच्या पाण्याच्या दोन बाटल्या कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) डब्यात ओतल्या आणि चावी फिरवली. इंजिन सुरू झालं, खडखडलं आणि बंद पडलं. मग कंपनीच्या हेल्पलाइनला फोन, आणि गाडी टोचन करून बीडच्या अधिकृत वर्कशॉपला.

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस ॲडव्हायझरनं सांगितलं, "हेड गॅस्केट गेलंय सर. ऑईलमध्ये कूलंट मिक्स झालंय. हेड खोलावं लागेल, सही करून द्या." हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, आणि गॅस्केट म्हणजे तो आणि खालचं इंजिन यांच्यामधलं सील. जॉब कार्डाच्या, म्हणजे वर्कशॉपच्या कामाच्या नोंदपत्रकाच्या, खाली बारीक अक्षरांत छापलेलं असतं की होणारा सर्व खर्च मालकाला मान्य आहे. दाजी सही करायला निघालेच होते. मी म्हटलं, सही करा, पण वर स्वतःच्या हातानं एक ओळ लिहा: "फक्त तपासणीसाठी इंजिन खोलण्यास संमती. वॉरंटीचा दावा कायम. काढलेला प्रत्येक भाग जपून ठेवावा." ॲडव्हायझरनं कुरकुर केली, असं लिहिलेलं सिस्टीममध्ये चढत नाही म्हणाला. कागदावर चढलं तेवढं पुरे होतं. त्या पानाचा फोटो तिथंच काढला.

हेड उतरलं त्या दिवशी मी बीडला गेलो. हेडवर सरळ पट्टी ठेवून खालून फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पात्यांचं मापक) सरकवलं की वाकलेपण लगेच कळतं. अशा छोट्या ॲल्युमिनियम हेडला साधारण ०.०५ मिलिमीटरच्या पुढं वाकलेलं चालत नाही. इथं त्याच्या कितीतरी पट जाड पाती आरामात आत जात होती. दोन सिलिंडरच्या भिंतींवर उभे ओरखडे. हेड आणि हाफ इंजिन (सिलिंडर, पिस्टन, क्रँक यांचा खालचा भाग) दोन्ही बदलायचं म्हणत होते, ते खोटं नव्हतं. नुकसानाबद्दल वाद नव्हताच. वाद होता तो कारणाबद्दल.

वर्कशॉपचं म्हणणं असं की सर्व्हिस चुकली, ऑईल खराब झालं, म्हणून इंजिन तापलं. पुरावा म्हणून त्यांनी ऑईल भरायच्या झाकणाचा फोटो दाखवला. झाकणाच्या आत जास्त दुधाच्या चहासारखा फेसाळ थर होता. "बघा, स्लज." ऑईल वेळेवर न बदलल्यानं जो स्लज, म्हणजे गाळ, होतो तो काळा, चिकट, डांबरट असतो, झाकणाला बोट लावलं तर बोट काळं होतं. फिकट, दुधाळ थर म्हणजे ऑईलमध्ये पाणी किंवा कूलंट मिसळल्याची खूण. म्हणजे तो फोटो सर्व्हिस चुकल्याचा नव्हता, गॅस्केट फुटल्याचा होता. क्रँकच्या, म्हणजे पिस्टननं फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, बेअरिंगांचे फोटो मी मागून घेतले. ऑईलनं दगा दिला असता तर आधी बेअरिंगा खरचटल्या असत्या. त्या बऱ्यापैकी साफ होत्या.

मग गाडी तापली कशानं? कूलंट संपलं म्हणून. आणि कूलंट कुठं गेलं, हा प्रश्न तोवर कुणी विचारलाच नव्हता.

मी ताईला फोन केला आणि गाडीची सगळी बिलं मागितली. ताईचं एक बरं आहे, घरातला कुठलाही कागद ती फेकत नाही. खताच्या पावत्यांच्या फाईलमध्येच गाडीची बिलं सापडली. पहिल्या दोन फुकट सर्व्हिसांत काही नाही. २० हजारांच्या सर्व्हिसचं बिल: ऑईल, फिल्टर, आणि एक ओळ, कूलंट अर्धा लिटर. ३० हजारांचं बिल, ऑगस्ट २०२४: कूलंट १ लिटर. जानेवारी २०२५, ३६ हजारांवर, दाजी सकाळी गाडी सुरू करताना बेल्ट किंचाळतो म्हणून दाखवायला गेले होते. जॉब कार्डावर तक्रार लिहिलेली: "थंड इंजिनला बेल्टचा आवाज." आणि त्यासमोर निकाल: "तपासले, ओके."

गाडीची कूलिंग सिस्टीम बंद असते. छोट्या पेट्रोल गाडीत एकूण कूलंट साधारण ४ ते ६ लिटर. ते ऑईलसारखं जळत नाही, पेट्रोलसारखं खर्च होत नाही. डब्यातली पातळी थोडीफार खालीवर होते, पण एका सर्व्हिसला अर्धा लिटर आणि पुढच्या सर्व्हिसला एक लिटर लागतंय याचा अर्थ कुठून तरी गळतंय, आणि गळती वाढतेय. ज्यानं डबा भरला त्यानं झाकण लावायच्या आधी एवढा विचार करायला हवा होता. त्यानं बिलात ओळ टाकली आणि पैसे घेतले.

गळती कुठं होती तेही सापडलं. वॉटर पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक असतं. पंपाच्या आतलं सील झिजलं की कूलंट बेअरिंगमध्ये न शिरता त्या भोकातून बाहेर निथळावं म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं असतं. या पंपाच्या भोकापासून खाली हिरवट पांढऱ्या वाळक्या कूलंटची पापडी जमली होती, थरावर थर. एका घाटात, एका दुपारी अशी पापडी जमत नाही. पंपाची पुली हातानं हलवली तर किंचित डुलत होती. आणि जानेवारीतला तो बेल्टचा आवाज? निथळलेलं कूलंट बेल्टवर उडालं की सकाळी थंड इंजिनला बेल्ट असाच किंचाळतो. तीन कागद आणि एक पापडी, चारही एकच गोष्ट सांगत होते.

इथं प्रकरणाची दिशा बदलली. कंपनी म्हणत होती की एक सर्व्हिस झाली नाही. आमच्या हातात होतं ते उलटं: ज्या सर्व्हिसा वेळेवर, त्यांच्याच वर्कशॉपला, पैसे मोजून झाल्या, त्यांतच दोष दिसत होता आणि तो कुणी शोधला नाही. ४० हजारांची सर्व्हिस १३०० किलोमीटर लांबली हे खरं. पण त्या सर्व्हिसला ऑईल बदललं असतं म्हणून पंपाचं सील सुधारलं असतं का? आणि त्यांच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी काय केलं असतं हे तर बिलांवरून दिसतच होतं: अजून एक लिटर ओतलं असतं.

वॉरंटी पुस्तिका बहुतेक जण पहिल्या दिवशी डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकतात ती शेवटपर्यंत तिथंच. आम्ही ती ओळ न् ओळ वाचली. वगळलेल्या गोष्टींत ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर, फिल्टर अशा झिजणाऱ्या वस्तू होत्या. वॉटर पंप त्या यादीत नव्हता. आणि देखभालीचं कलम असं होतं की वेळापत्रकाप्रमाणे देखभाल न केल्यामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत येणार नाही. म्हणजे कंपनीला दोन गोष्टी दाखवाव्या लागतात: देखभाल चुकली, आणि त्या चुकीमुळेच हे नुकसान झालं. पहिली दाखवून दुसरी गृहीत धरायची, ही वर्कशॉपच्या काउंटरवरची नेहमीची युक्ती आहे. विम्याच्या दाव्यांत हे तत्त्व पक्कं झालंय की वगळणुकीच्या कलमावर जो टेकतो त्यानंच ते शाबीत करायचं. वॉरंटीतही युक्तिवाद तोच.

आता लेखी नकार. तोवर सगळं तोंडी चाललं होतं. "कंपनीनं रिजेक्ट केलंय सर, आमच्या हातात काही नाही." कुणी केलं, कधी केलं, कुठल्या कलमाखाली, काही नाही. कागद मागितला तर म्हणे कंपनी लेखी देत नाही. दाजी वैतागून म्हणाले, "हे नुसतं तोंडानं म्हणायलेत अन् आपण नुसतं ऐकायलोत." तोंडी नकाराशी भांडता येत नाही, तो रोज बदलतो. आम्ही डीलर आणि कंपनी दोघांना एकच ईमेल केला. त्यात राग नव्हता, विशेषणं नव्हती. गाडीचा चॅसी नंबर, जॉब कार्ड नंबर, आणि चार मागण्या: नाकारण्याचं कारण पुस्तिकेतल्या कलमासह द्या, तपासणीचा अहवाल आणि फोटो द्या, इसीयूमध्ये, म्हणजे इंजिनाच्या संगणकात, साठलेले बिघाडाचे फॉल्ट कोड आणि त्या क्षणाची नोंद द्या, आणि काढलेले भाग नष्ट करू नका.

उत्तर लगेच आलं नाही. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, तक्रार नोंदवली. ही हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, फक्त तक्रार कंपनीपर्यंत पोचवते आणि उत्तर मागते. पुष्कळ लोक तिथं न्याय मिळेल म्हणून बसतात आणि मग निराश होतात. आम्हाला तिच्याकडून एवढंच हवं होतं की कंपनीनं काहीतरी लिहावं. आणि कंपनीनं लिहिलं. तीन कारणं दिली: सर्व्हिस वेळेवर नाही, तापलेल्या अवस्थेत गाडी चालवली, आणि कूलिंग सिस्टीममध्ये साधं पाणी आढळलं.

तिसरं कारण सगळ्यात हलकं. साधं पाणी होतं, कारण कूलंट संपल्यावर दाजींनी ते ओतलं होतं. ओतल्याचं त्यांनी पहिल्याच दिवशी जॉब कार्डावर सांगितलेलं होतं. आधी इंजिन गेलं, नंतर पाणी आलं. हा क्रम कागदावर असल्यामुळे हे कारण पुढं कुणी फारसं ओढलं नाही. आपल्या भागात बोअरचं जड पाणी रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं ओतणारे खूप आहेत, त्यांचं रेडिएटर आतून पांढरं पडतं आणि तिथं कंपनीचं म्हणणं बरोबर ठरू शकतं. इथं रेडिएटरच्या आत क्षाराचा थर नव्हता, तोही फोटो आम्ही काढून ठेवला.

दुसरं कारण मात्र खरंच बोचरं होतं, आणि मी दाजींना ते स्पष्ट सांगितलं. लाल दिवा लागल्यावर गाडी थांबवायची असते, ही सूचना मालकाच्या पुस्तिकेत ठळक छापलेली आहे. दाजींनी वरपर्यंत चालवली. इसीयूची नोंद मिळाली तीत फॉल्ट कोड पडला त्या क्षणी वेग ताशी तिशीच्या आत आणि इंजिनाचे फेरे बरेच वर, म्हणजे खालच्या गिअरमध्ये चढ चढताना, त्यांनी सांगितलं तसंच. बाजूनं बोलायला दोन मुद्दे होते. एक, कंपनीच्या हेल्पलाइनला केलेल्या फोनची वेळ आणि टोचनवाल्यानं गाडी उचलली ती जागा. अंतर काही मैलांचं नव्हतं, पहिली सुरक्षित जागा मिळेपर्यंतचं होतं. दुसरा तांत्रिक, आणि तो सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. या गाडीला तापमानाचा काटा नाही, फक्त दिवा आहे. दिव्याला खबर देणारा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच नीट काम करतो. कूलंट आटून तो उघडा पडला की त्याच्याभोवती वाफ नाहीतर हवा असते, आणि धातू जळायला आला तरी तो कमी तापमान दाखवू शकतो. म्हणजे दिवा लागला तेव्हा उशीर आधीच झालेला असण्याची दाट शक्यता. तरीही ग्राहक आयोगासमोर हा मुद्दा आमच्यावर थोडा तरी शेकला असता असं मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं. भरपाईत काटछाट झाली असती.

या टप्प्यावर दाजींनी स्वतःच्या मोटार विम्याचंही विचारलं. साध्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड बसत नाही. इंजिन प्रोटेक्ट नावाचं वेगळं कव्हर असतं, ते मुख्यतः इंजिनात पाणी शिरणं किंवा ऑईल गळून झालेलं नुकसान यासाठी. दाजींनी ते घेतलंही नव्हतं. तो रस्ता तिथंच संपला. त्याच वर्षी सप्टेंबरात बीड, धाराशिव, लातूर, नांदेडला अतिवृष्टी झाली तेव्हा त्याच वर्कशॉपच्या आवारात पुराच्या गाड्यांची रांग लागली. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा पुन्हा स्टार्टर मारून इंजिन तोडून घेतलेले कितीतरी जण वॉरंटी मागत होते. त्यांचा दावा विम्याकडे जातो, वॉरंटीकडे नाही. प्रकरणं वेगळी, काउंटर एकच.

गाडी तिथंच पैसे भरून दुरुस्त करून घ्यावी आणि मग भांडावं, हा एक पर्याय होता. हरकत नोंदवून, जुने भाग सीलबंद ताब्यात घेऊन, स्वतंत्र तपासणी करून ठेवली असेल तर तसं करणं चुकीचं नाही. गाडी हातात येते. पण जून तोंडावर होता. पेरणीच्या आधी कृषी केंद्रवाल्याचा पैसा बियाण्यात आणि खतात अडकलेला असतो. पावणेदोन लाख बाहेर काढायची सोयच नव्हती. दाजींनी पुतण्याची मोटारसायकल वापरली, आणि लांबच्या कामाला भाड्याची गाडी. भाड्याच्या प्रत्येक गाडीची पावती घ्यायला ताईनं लावलं.

तपासणी मात्र आम्ही थांबवली नाही. परवानाधारक मोटार सर्व्हेअर खाजगी कामही घेतात. लातूरच्या एका अनुभवी सर्व्हेअरला नेऊन, वर्कशॉपला आधी ईमेलनं दिवस कळवून, खोललेल्या इंजिनाची पाहणी करून घेतली. त्यांनी पंपाचं भोक, पापडी, पुलीचं डुलणं, हेडचं वाकलेपण, बेअरिंगा सगळं मोजून, फोटोंसह लिहून दिलं: मूळ कारण वॉटर पंपाच्या सीलमधून दीर्घकाळ झालेली गळती. वॉटर पंप पिशवीत घालून, वर दाजी, सर्व्हेअर आणि फ्लोअर इन्चार्ज तिघांच्या सह्या घेऊन ठेवला. इन्चार्ज सही द्यायला तयार नव्हता. शेवटी म्हणाला, "माझी सही फक्त पिशवी बंद केल्याची हं." तेवढीच हवी होती.

वाहनांच्या ग्राहक तक्रारी कुठं बुडतात, तर बहुतेक वेळा इथंच. माणूस खरं बोलत असतो, पण दोष होता हे सांगणारा जाणकाराचा कागद नसतो. कायद्यात सोय आहे की दोष तपासणीशिवाय कळणार नसेल तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. पण इंजिन जोडून गाडी रस्त्यावर धावायला लागल्यावर तपासायला उरतं काय?

नोटीस वकिलांकडून गेली, आणि ती लिहिताना एक गोष्ट आम्ही जाणीवपूर्वक केली. कंपनी आणि डीलर यांना एकाच माळेत ओवलं नाही. कंपनीला म्हटलं: वॉटर पंप सदोष, वॉरंटी तुमची, पंपामुळे झालेलं पुढचं नुकसानही तुमचं. डीलरला म्हटलं: दोन सर्व्हिसांत कूलंट कमी झालेलं तुम्हाला दिसलं, तिसऱ्यांदा बेल्टचा आवाज आला, तुम्ही पैसे घेतले आणि गळती शोधली नाही, ही सेवेतली त्रुटी आहे आणि ती वॉरंटी असो नसो, तुमच्याच अंगावर आहे. याचा परिणाम मला अपेक्षित होता तसाच झाला. तोवर दोघं एका सुरात "पॉलिसी, पॉलिसी" म्हणत होते. आता कंपनीच्या उत्तरात "डीलर ही स्वतंत्र संस्था आहे" असं वाक्य आलं, आणि डीलरच्या उत्तरात "वॉरंटीचा निर्णय सर्वस्वी उत्पादकाचा." दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं की मधला माणूस जरा मोकळा होतो. त्याच सुमारास कंपनीकडून फोन आला: सदिच्छा म्हणून सुट्या भागांवर निम्मी सूट देऊ. दाजी भुलले होते. मी म्हटलं, सूट घेताना सही कशावर करावी लागेल ते आधी मागवा. मसुदा आला, त्यात सर्व हक्क सोडल्याचं कलम होतं. नको म्हणून कळवलं.

तक्रार बीडच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात. २०१९ च्या कायद्यानं तक्रारदार जिथं राहतो तिथं दाखल करता येते, कंपनीचं कार्यालय कुठंही असो. जुन्या कायद्यात ही सोय नव्हती. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. फी ५ लाखांपर्यंत काहीच नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये. आमची २०० मध्ये झाली. दाखल करायला २०२५ पासून ई-जागृती पोर्टल आहे. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. विरुद्ध बाजूला उत्तर द्यायला ३० दिवस, आणि आयोगानं वाढवून दिले तर फार तर १५ आणखी.

कायद्याप्रमाणे ३ महिन्यांत, आणि तपासणी लागली तर ५ महिन्यांत निकाल लागावा. प्रत्यक्षात तारखा लांबतात, हे मराठवाड्यातल्या कुणालाही सांगायला नको. म्हणून तक्रारीसोबतच अंतरिम अर्ज, म्हणजे निकालाआधीच्या तात्पुरत्या आदेशासाठीचा अर्ज, दिला, कारण डीलरनं मधल्या काळात नवीच कळ काढली होती: गाडी उचला, नाहीतर रोजचं पार्किंग भाडं लावतो. इंजिन खोललेली गाडी उचलून न्यायची कुठं? अर्जात मागितलं की तक्रार चालू असेपर्यंत भाडं लावू नये आणि भाग जसेच्या तसे ठेवावेत.

मागणी काय करायची यावर घरात वाद झाला. दाजींना नवी गाडी हवी होती. "अशी बोंबललेली गाडी मी काय करू? नवी द्या म्हणावं." वकिलांनी समजावलं. सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये एका मोटारीच्या प्रकरणात म्हटलंय की वॉरंटीत कंपनीची जबाबदारी सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्याची आहे, तेवढ्यावरून अख्खी गाडी बदलून मिळत नाही. गाडीत उत्पादनाचाच मुळातला दोष आहे आणि तो दुरुस्त होत नाही, असं दाखवता आलं तर गोष्ट वेगळी. इथं एक पंप गेला होता. नवी गाडी मागितली असती तर खरी मागणीही फुगवलेली वाटली असती. शेवटी मागितलं ते असं: हेड, हाफ इंजिन आणि पंप बदलून विनामूल्य दुरुस्ती, भाड्याच्या गाड्यांचा खर्च, मनस्ताप आणि तक्रारीचा खर्च मिळून १ लाख.

कंपनीच्या उत्तरात अपेक्षेप्रमाणे अजून एक मुद्दा आला: मालक व्यापारी, गाडी धंद्यासाठी वापरतो, म्हणून तो ग्राहकच नाही. गाडी दाजींच्या स्वतःच्या नावावर, पांढऱ्या पाटीची, कर्जही वैयक्तिक. दुकानाच्या नावावर, कर वाचतो म्हणून घेतली असती, तर इथंच अडकायची भीती होती. ओळखीच्यांत असं करणारे बरेच आहेत.

डीलरच्या वकिलांनीच मध्यस्थीची गोष्ट काढली. दोन्ही बाजूंची संमती असेल तर आयोग प्रकरण मध्यस्थीकडे पाठवतो. मला वाटतं सीलबंद पंप आणि तीन बिलं पाहून त्यांना अंदाज आला होता. कंपनीला तर आपल्याच अधिकृत वर्कशॉपची "तपासले, ओके" ही ओळ निकालपत्रात यावी असं वाटत नसणार. बैठकीत डीलर म्हणाला, मजुरी आम्ही सोडतो. कंपनी म्हणाली, भागांचे ७० टक्के. दाजी गप्प बसून होते. ताई मात्र उठून म्हणाली, "साहेब, एक लिटर कूलंटचे पैसे तुम्ही पूर्ण घेतलेत की. तेव्हा ७० टक्के नव्हते घेतले." खोलीत हशा झाला, पण आकडा तिथून हलला.

जानेवारी २०२६ मध्ये ठरलं ते असं. सगळे भाग कंपनीचे, मजुरी डीलरची, पार्किंग भाडं माफ. ऑईल, फिल्टर, कूलंट दाजींचं. प्रवासखर्चापोटी २५ हजार. मनस्तापाचे काही नाहीत. मी असतो तर प्रवासखर्चासाठी आणखी ताणलं असतं, पावत्या त्याहून जास्तीच्या होत्या. पण लाल दिव्यानंतरचं ते अंतर दाजींच्या मनात होतं आणि उसाची बिलं यायच्या दिवसांत त्यांना गाडी दारात हवी होती. निर्णय त्यांचा.

एका कलमावर मात्र मी अडून बसलो. वॉरंटीत बदललेल्या भागाला मूळ वॉरंटीचा उरलेलाच काळ मिळतो, असं पुस्तिका म्हणते. मूळ वॉरंटी फेब्रुवारी २०२६ मध्ये संपत होती. म्हणजे नवं इंजिन बसवून महिनाभरात वाऱ्यावर. म्हणून समझोत्यात लिहून घेतलं की बदललेलं हेड, हाफ इंजिन आणि वॉटर पंप यांना गाडी ताब्यात दिल्यापासून १ वर्ष किंवा २० हजार किलोमीटर वेगळी वॉरंटी. आणि हा समझोता बाहेरच्या स्टँप पेपरवर न ठेवता आयोगासमोर नोंदवून त्याचा आदेश करून घेतला. खाजगी करार मोडला तर पुन्हा पहिल्यापासून भांडायचं. आयोगाचा आदेश मोडला तर अंमलबजावणीचा अर्ज करता येतो, आणि त्यात दंड आणि कैद दोन्हीची तरतूद आहे. गाडी ताब्यात घेताना डीलरच्या माणसानं समाधानाच्या फॉर्मवर दहापैकी दहा द्यायला सांगितलं. दाजींनी फॉर्म कोरा परत केला आणि आदेशाची प्रत दाखवून डिलिव्हरी नोटवर नव्या वॉरंटीची तारीख घालून घेतली.